घर विकण्याआधी उभं राहायचं

"आता मी जे सांगणार आहे त्यातला एक शब्दही तुम्हाला खरा वाटणार नाही," असं म्हणून क्लिओफस रेनीने आर्डेलिया पूलच्या दिवाणखान्यातली सगळ्यात दणकट खुर्ची पुढे ओढली आणि गुडघा सांभाळत तिच्यात बसला. "आणि मी तुम्हाला दोष देणार नाही. माझं मलाच अजून पटलेलं नाही."

"अरे, तुझं मागच्या महिन्यातलंच अजून आमच्या घशाखाली उतरायचंय," थर्मन पीक म्हणाला.

मागच्या महिन्यातलं म्हणजे रंगाऱ्यांचं. लिंडेल रस्त्यावरचं जे घर बाहेरगावची कंपनी विकत घ्यायची ते आठवड्याच्या आत राखाडी व्हायचं. भिंती राखाडी, आतली जमीन राखाडी, दार काळं आणि दाराच्या कडीला किल्लीची छोटी पेटी लटकवलेली. क्लिओफसने सांगितलं होतं की हे रंगारी फार घाईत असतात. थर्मन आपल्या पोर्चवर तोंडावर पेपर घेऊन डुलक्या काढत होता, तेव्हा त्यांनी त्यालाही कमरेपर्यंत रंगवून टाकलं, आणि संध्याकाळच्या आत फोनवर त्याची जाहिरात आली: भाड्याने देणे आहे, बांधकाम जुनं पण भक्कम, खालचा मजला गळका, कुत्री-मांजरं चालणार नाहीत. त्या दिवशी आर्डेलियाला हसून हसून चष्मा काढून डोळे पुसावे लागले होते. थर्मनची बायको त्याला अजून 'खालचा मजला' म्हणूनच हाक मारायची.

आज नोव्हेंबरातला शनिवार होता, दुपारचे साडेबारा. सरोवरावरचा वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी घालत होता. टेबलावर तळलेलं चिकन, मॅकरोनी आणि आर्डेलियाचा लोण्याचा केक मांडलेला. लिंडेल रस्त्याच्या मंडळाला एके काळी बैठकीसाठी चर्चमधून खुर्च्या आणाव्या लागायच्या. आज नऊ माणसं होती, आणि आर्डेलियाच्या स्वतःच्या खुर्च्यांतल्या दोन रिकाम्याच राहिल्या होत्या.

बैठकीचे विषय एकोणीस वर्षं तेच. पहिला प्रार्थना. दुसरा रस्त्यावरचे दिवे आणि कचरा. तिसरा अध्यक्षांचं निवेदन, म्हणजे क्लिओफसची थाप. आणि चौथा. चौथ्या विषयाला अध्यक्ष टोपी काढायचा आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारायचा, "घर विकण्यासाठी कुणाला उभं राहायचंय?"

हा नियम क्लिओफसनेच घातलेला. रस्त्यावरचं पहिलं घर गेलं तेव्हा कुणाला पत्ताच लागला नव्हता. कोपऱ्यावरचं घर एका सकाळी राखाडी दिसलं, आणि मालक कोण म्हणून चौकशी करायला गेलं तर कुठल्याशा लांबच्या राज्यातल्या टपालपेटीचा नंबर मिळाला. क्लिओफस तेव्हा साठीच्या आतला होता, बसडेपोत मुख्य मिस्त्री होता आणि त्याचा आवाज रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचायचा. त्याने ठरवून टाकलं: लिंडेल रस्त्यावर ज्याला घर विकायचं असेल त्याने आधी मंडळात उभं राहायचं, सगळ्यांसमोर सांगायचं आणि तीस दिवस थांबायचं. त्या तीस दिवसांत मंडळ आपल्यातलाच घेणारा शोधणार. कुणाची भाची, कुणाचा लष्करातून परतलेला मुलगा, कुणाकडे भाड्याने राहणारी बाई. मिळाला नाही तर मग ज्याचं घर त्याची मर्जी.

कागदावर याला काडीचीही किंमत नव्हती. पण माणसं उभी राहायची. अशी चार घरं आपल्यातच राहिली. मग म्हातारी माणसं एकेक करून गेली, त्यांची मुलं अटलांटात नाही तर डॅलसमध्ये. अंत्यविधीला आलेली ती मुलं जाताना घर फोनवरूनच विकून जायची. उभं राहायला ती इथे असायची कुठे. बावीस घरांच्या त्या पट्ट्यात आता पाच घरांत मालक राहत होता. आर्डेलिया, थर्मन, दुसऱ्या कोपऱ्यावरच्या दोन बहिणी, दुखण्यामुळे बैठकीला न येणारे चर्चचे डीकन आणि क्लिओफस.

आणि आज चौथ्या विषयाला उभं राहायचं होतं ते क्लिओफसला. खरं तर ते बारा दिवसांपूर्वीच व्हायला हवं होतं.

"बोल ना," आर्डेलिया म्हणाली. "का चिकन थंड होण्याची वाट बघतोयस?"

"बोलतो गं. तर मंगळवारी दार वाजलं."

त्याची नजर खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली आणि तिथून लगेच निघाली. तिथे रोनीशा बसली होती, मांडीवर लांबट पांढरं पाकीट, पाकिटावर तळहात. रोनीशा डेव्हनपोर्ट त्याच्या शेजारच्या राखाडी घरात चार वर्षं भाड्याने राहत होती. शहराची बस चालवायची. दोन मुली. जानेवारीत तिचं घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तेव्हा घरमालकाच्या नंबरावर एका यंत्राने तिला नऊ वेळा धन्यवाद दिले होते, आणि शेवटी क्लिओफसने तळघरात उतरून जुन्या बसच्या एका सुट्या भागाने ती भट्टी चालू केली होती. घरमालक कोण, बाई का माणूस, म्हातारा का तरणा, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आता त्या घरमालकाने फोनवर दोन ओळी पाठवल्या होत्या: करार पुढे वाढवणार नाही, जानेवारीअखेर जागा रिकामी करावी.

पाकिटात बँकेचं पत्र होतं. कर्जमंजुरीचं, तिसरं. पहिल्या दोन पत्रांची मुदत घरं बघता बघताच संपली होती. ती सात घरांमागे गेली होती आणि सातही वेळा कुणीतरी न बघताच रोख रक्कम मोजून घर घेऊन गेलं होतं. बँकेच्या कर्जाला वेळ लागतो, आणि थांबणारा विकणारा शहरात सहसा मिळत नव्हता. तिच्या ओळखीचा तसा एकच होता. वसंतात कुंपणापलीकडून टोमॅटोची रोपं देताना क्लिओफस तिला म्हणाला होता, "नव्या वर्षात मी जाईन बहुधा लेकीकडे, पट्रीसकडे. जिने चढवत नाहीत मला. गेलो तर पहिला हक्क तुझा. मी मंडळात उभा राहीन."

मागच्या रविवारी तिने कुंपणाशी येऊन त्याला सांगितलं होतं की पलीकडच्या भागातला एका म्हाताऱ्या जोडप्यातला गृहस्थ तिला घर द्यायला तयार झाला होता, थांबायलाही तयार होता, पण तिने त्याला नाही म्हणून कळवलं. "मुलींची शाळा इथे आहे. आणि तुमचं घर आहे ना, मिस्टर क्लिओ. मी तुमच्यासाठी थांबते."

तेव्हा क्लिओफसची सही होऊन सहा दिवस झाले होते.

"बरं केलंस, बाळ," क्लिओफस म्हणाला होता.

"मंगळवारी दार वाजलं," थर्मन म्हणाला, "इथपर्यंत आम्ही आलो. दार अजून वाजतंच आहे."

"दार उघडलं तर एक पोरगा. दात असे पांढरे की मला पडदा ओढावा लागला. आणि त्याच्या मागे त्याची बायको. तिचं पोट तिच्या आधी दोन मिनिटं घरात आलं."

बहिणींमधली धाकटी खुदकन हसली. खरं तर घरी आलेल्या त्या पोरीचं पोट तसं काही फार मोठं नव्हतं. सहावा महिना असेल. तिने दारात बूट काढले होते, आणि अलीकडे कुणी बूट काढत नाही म्हणून त्याला ती आवडली होती.

तिच्या आधी पत्र आलं होतं. पत्रं काय, लिंडेल रस्त्यावर रोजच यायची. पिवळ्या कागदावर हाताने लिहिल्यासारखी छापलेली, 'प्रिय घरमालक'. क्लिओफस म्हणायचा की मी ती सगळी माळ्यावर पसरलीत, मार्चपर्यंत घर ऊबदार राहतं. पण या पत्रात त्याच्या पोर्चवरच्या वेलीचा उल्लेख होता. लिहिलं होतं, आम्ही डॅनी आणि केली, आम्हाला पहिलं बाळ होणार आहे, तुमचा पोर्च आम्ही गाडीतून पाहिला आणि थांबलोच. मंडळाचा अध्यक्ष, एकोणीस वर्षं लोकांची अशी पत्रं फाडायला लावणारा माणूस, त्या वेलीपाशी विरघळला. ती वेल त्याच्या बायकोने, व्हर्नीसने लावलेली. व्हर्नीसला जाऊन तीन वर्षं झाली होती. ऑगस्टमध्ये तो जिन्यावरून पडला होता, आणि दोन तास खालच्या पायरीवर बसून राहिला होता. हाक मारायची लाज वाटली म्हणून.

ती पोरगी घरभर फिरली आणि म्हणाली, "बाळासाठी सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं?"

शेहेचाळीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने तिला पट्रीसची खोली दाखवली. खिडकी ऑगस्टमध्ये अडकते, डावीकडून उचलायची, हे सांगितलं. तळघरातला कुठला नळ आधी बंद करायचा, कुठली पायरी पावसात घसरडी होते, सगळं सांगितलं. घराची गुपितं दुसऱ्याला सांगताना एखाद्याला लेक सासरी पाठवताना वाटेल तसं त्याला वाटत होतं. व्हर्नीसने शिवलेली रजई त्याने तिच्या हातात ठेवली. ती रडली. खरंच रडली, त्याबद्दल त्याला आजही शंका नव्हती. मग त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सही केली, बाजारात मिळाली असती त्याहून बरीच कमी किंमत घेऊन, कारण देणाऱ्याचा हात कुटुंबाला देताना थोडा ढिला पडतो.

आणि मंडळात उभं राहणं? ते त्याने स्वतःला असं समजावलं की कंपनीला विकताना उभं राहायचं असतं. हे तर कुटुंब. बाळ येईल, रस्त्यावर बाबागाडी फिरेल, मग मी सांगेन आणि सगळे टाळ्या वाजवतील. रोनीशाला, म्हटलं, दुसरं कुठलं तरी बघून देऊ. त्या खोलीत, त्या उन्हात, रोनीशा त्याला जरा लांबची वाटली होती. एवढंच झालं होतं. माणूस बुडायला यापेक्षा खोल पाणी लागत नाही.

"पोट आलं, मग बाई आली," आर्डेलिया म्हणाली. "पुढे? नुसता बघत काय बसलायस माझ्या केककडे?"

"पुढे त्याने कागद काढला. कागद म्हणजे काय सांगू. एक टोक माझ्या स्वयंपाकघरात, दुसरं टोक शोधायला गेलो तर वर न्हाणीघरातल्या टबात. मध्ये जिन्यावर दोनदा गुंडाळी झालेली. मी विचारलं, पोरा, यात लिहिलंय काय? तो म्हणाला, काही नाही सर, नेहमीचंच."

"हे मात्र खरं बोलला," थर्मन म्हणाला.

हशा पिकला. रोनीशाही हसली. हसताना तिने पाकिटावरचा हात उचलला, मग पुन्हा ठेवला. क्लिओफसने ठरवलं की आता इथेच थांबायचं. 'आणि मी सही केली' असं सांगायचं. वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. पण खोली अजून हसत होती, आणि त्याला हॉलिस आठवला.

हॉलिस त्याचा डेपोतला जोडीदार, तीन घरं पलीकडे राहणारा. सात वर्षांपूर्वी हॉलिसने न उभं राहता घर विकलं होतं. बायकोच्या आजारपणात. क्लिओफसने याच खोलीत, याच खुर्चीत बसून त्याचं नाव मंडळाच्या यादीतून काढायला लावलं, आणि वर त्याची नक्कल करून दाखवली, शेपूट घालून पळणाऱ्या कुत्र्याची. लोक पोट धरून हसले होते. पुढच्या वर्षी हॉलिस गेला तेव्हा क्लिओफस अंत्यविधीला गेला नाही. त्याचं बघून रस्त्यावरच्या निम्म्या लोकांनीही जाणं टाळलं.

"मग रे?" बहिणींमधली थोरली म्हणाली.

"मग मी म्हटलं, बसा. जेवून जा. मागच्या अंगणात पिंपाच्या शेगडीवर डुकराच्या बरगड्या भाजत लावल्या होत्या. कोळसा जरा कमी पडत होता. मी तो कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि बरगड्यांखाली सारला. असा भडकला, असा भडकला की डीकनच्या घरातलं धुराच्या इशाऱ्याचं यंत्र ओरडायला लागलं."

"म्हणून का ते मंगळवारी ओरडत होतं," थर्मन गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"आणि बरगड्यांना चव लागली कायद्याची. तीन दिवस मला ढेकरांबरोबर कलमं येत होती."

आता थर्मनने गुडघ्यावर थाप मारली. आर्डेलिया म्हणाली, "मला एक बरगडी पाठवायची होतीस, मेल्या. माझ्याकडे कायद्यावाचूनच चाललंय सगळं." धाकट्या बहिणीला ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. खोलीत ऊब भरली होती. नऊ माणसं होती पण तीसजणांचं हसणं होतं, पूर्वीच्या बैठकांसारखं, आणि क्लिओफसला वाटलं की हे हसू आहे तोवर आपण या रस्त्यावर आहोत. ते संपलं की आपण बाहेरचे.

"वाचला तरी होतात का कागद, मिस्टर क्लिओ?" रोनीशाने विचारलं. तिला नुसतं हसत हसत मजेत सामील व्हायचं होतं. सात घरांच्या मागे फिरून तिला असल्या कागदांची ओळख झाली होती.

"एक अक्षर नाही, बाळ. चष्मासुद्धा लावला नाही. घडी घातली आणि आगीत."

"शाबास," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला नको म्हणून क्लिओफस केककडे वळला. तिला अभिमान वाटला होता. त्याचा.

"चला," आर्डेलिया हात पुसत म्हणाली. "अध्यक्षमहाराजांचं निवेदन झालं. टोपी काढ, क्लिओफस. चौथा विषय. आज रोनीशाबाईंना काहीतरी दाखवायचंय आपल्याला, ती सकाळपासून पाकीट घेऊन फिरतेय."

रोनीशा पाकीट उघडू लागली.

"थांब," क्लिओफस म्हणाला. "संपलं कुठे? खरी गंमत तर पुढे आहे."

पुढे काही नव्हतं. पुढे होता तो चौथ्या दिवशी आलेला फोटोवाला. चाळिशीचा, सभ्य माणूस, गळ्यात कॅमेरा. घर भाड्याला लावायचंय, जाहिरातीसाठी फोटो काढायला आलोय म्हणाला. क्लिओफस म्हणाला की घरात तर माझं सामान आहे. "काही हरकत नाही," तो म्हणाला, "सामान आम्ही फोटोतून पुसून टाकतो." आणि क्लिओफस खुर्चीतून उठायला लागला तेव्हा अदबीने म्हणाला, "बसा, बसा. तुम्हालाही पुसता येतं. फक्त हलू नका."

क्लिओफस हलला नव्हता. तो गेल्यावर त्याने डॅनीला फोन लावला. डॅनीने लगेच उचलला, अगदी गोड बोलला. कागदात तशी सोय आहे सर, आम्ही आमच्या जागी दुसऱ्या खरेदीदाराचं नाव दिलंय, नेहमीचीच पद्धत आहे, सव्वीस तारखेला सगळं पुरं होईल. आणि बाळ, क्लिओफसने विचारलं. बाळ छान आहे, विचारल्याबद्दल आभार. ते राहणार कुठे? "आम्ही फिनिक्सला राहतो, सर. केलीला इथली थंडी सोसत नाही."

रजईबद्दल त्याने विचारलं नाही.

पट्रीसच्या ओळखीच्या वकिलाने कागद पाहिला आणि सांगितलं की कागद पक्का आहे. त्या दिवसापासून क्लिओफस रोज सकाळी कॉफीबरोबर तो कागद समोर घेऊन बसायचा. चष्मा लावून, बोट फिरवत, जणू एखादा शब्द रात्रीतून बदलला असेल.

"खरी गंमत सांग तर," थर्मन म्हणाला. "नाहीतर मी चिकनाला हात घालतोय."

"तर कागद जळाला. पोरगा लागला नाचायला. सर, सर, तो एकच कागद होता. मी म्हटलं, बाळा, तुझ्यासारखे रोज तीन येतात, एक काल माझ्या चिमणीतून उतरला. पोरीने तर पोट काढून टेबलावर ठेवलं. आत काय होतं सांगा?"

"काय होतं?" दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

"राखाडी रंगाचा डबा. पाच गॅलनचा."

हे त्याला स्वतःलाच ऐकवलं नाही. त्या पोरीने बूट काढले होते. पण हसण्याची लाट उठली आणि तो तिच्यावर स्वार झाला, कारण खाली उतरायला जागाच नव्हती. तो उठून उभा राहिला, गुडघा विसरून. हात पसरून त्याने डॅनीची नक्कल सुरू केली, तेच गोड हसू, तीच मान वाकडी. नकला करण्यात त्याचा हात धरणारा लिंडेल रस्त्यावर कुणी नव्हता.

"आणि जाता जाता दारातून ओरडून मला काय सांगतो, तर सर, तुम्ही चौथं पान वाचायला हवं होतंत. तळाला. मुंगीच्या अक्षरात." त्याने डोळ्यांसमोर एक नसलेला कागद धरला आणि त्याचा आवाज बदलला. डॅनीचा आवाज गेला, आणि जो आला तो रोज सकाळी कॉफीबरोबर यायचा तो होता, सपाट आणि जरासा घोगरा. "'खरेदीदार, अथवा खरेदीदाराने आपल्या जागी नेमलेली कोणीही व्यक्ती अथवा कंपनी. अशा नेमणुकीसाठी विकणाऱ्याची वेगळी संमती घेण्याची आवश्यकता राहणार नाही. विकणाऱ्याने या कलमाचा अर्थ आपल्याला समजावून सांगण्यात आला असल्याचे येथे मान्य केले आहे.' आणि खाली एक लहानशी रेघ. डाव्या बाजूला. तिच्यावर आपल्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहायची."

थर्मन हसला, मग त्याला आपण एकटेच हसतोय असं वाटलं आणि त्याने चिकनचा तुकडा पुन्हा ताटात ठेवला.

क्लिओफस उभाच होता. हात हवेत, नसलेला कागद धरून. आपण काय म्हटलं ते त्याला अजून कळलं नव्हतं. कळलं तेव्हाही त्याने वर काहीतरी जोडायचा प्रयत्न केला. "मग मी कुत्रा सोडला त्यांच्यावर," तो म्हणाला.

"तुझ्याकडे कुत्रा नाहीये, क्लिओफस," आर्डेलिया हळू म्हणाली. ते थाप पकडल्यासारखं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत नव्हतीच, रोनीशाकडे बघत होती.

रोनीशाने पाकिटातून अर्धं बाहेर काढलेलं पत्र परत आत सरकवलं. नीट, कोपरे न दुमडता. पाकिटाची झाप बंद केली. तिचे दोन्ही तळहात पाकिटावर आले, आणि थांब्यावर बस उभी करून एखाद्या उतारूची वाट बघावी तशी ती थांबली, की क्लिओफस स्वतःहून काही बोलेल. क्लिओफसने टोपी काढली नव्हती. आता काढली. उभं राहण्याचं जे काही करायचं असतं त्यातलं एवढंच त्याच्याकडून झालं.

"हे खोटं आहे, मिस्टर क्लिओ," रोनीशा म्हणाली. आवाज चढवला नाही. "न वाचता जाळलेल्या कागदाचं चौथं पान कुणाला पाठ नसतं. तुम्ही सही केलीत."